पहिलं राज्य, पन्नासावं राज्य

"आता कितवं?" अप्पांनी विचारलं.

"मेरीलँड लागलं, अप्पा."

"अरे बाप्पा! म्हणजे पुन्हा वर चढलो की." त्यांनी मांडीवरच्या कागदावर बोट सरकवत नेलं आणि पाचव्या ओळीवर टेकवलं. "पाचवं. पेनसिल्व्हेनियाच्या बरंच वर. बघ, रस्ताही जरा गुळगुळीत लागतोय."

रस्ता तोच होता, पण मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी अप्पांना सगळ्यालाच हो म्हणत होते.

"पण फार वेळ नाही हं हे," मी म्हटलं. "बारा मैलांत मेरीलँड संपतं. मग वेस्ट व्हर्जिनिया."

"वेस्ट व्हर्जिनिया?" बोट सरसरत खाली गेलं, पार तळाशी. "हात्तिच्या! शेवटून दुसरं-तिसरं. बारा मैलांत एवढी घसरण? मधे काही दरी-बिरी आहे का गं?"

दरी नव्हती, एक साधी नदी होती. आम्ही पूल ओलांडला आणि अप्पा काचेला नाक लावून गरिबी शोधू लागले. दोन्ही बाजूंना लालपिवळी झाडं उभी होती. पेट्रोल भरायला थांबलो, तिथे एक जाडजूड बाई हसत हसत आइस्क्रीम खात होती. अप्पांनी तिच्या पायांतल्या सपाता बघितल्या, गाडीचं टायर बघितलं आणि परत येऊन म्हणाले, "सपाता झिजलेल्या आहेत. टायर मात्र नवं. नोंद करण्यासारखं काही नाही."

दोन हजार दोनच्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. अप्पा म्हणजे माझे वडील, अवधूत गावंडे. तीस वर्षं त्यांनी बुलढाणा जिल्ह्यात सरकारी सांख्यिकी खात्यात नोकरी केली. नोकरी म्हणजे काय, तर घरोघर जाऊन पाहणी करायची. घरात माणसं किती, कमावती किती, महिन्यात तेल किती लागतं, चूल कशावर पेटते. आई आदल्या वर्षी गेली आणि घर त्यांना खायला उठलं, म्हणून मी त्यांना कनेक्टिकटला माझ्याकडे बोलावून घेतलं. यायच्या आधी त्यांनी खामगावच्या वाचनालयात बसून अमेरिकेतल्या पन्नास राज्यांचा तक्ता उतरवून काढला होता. दरडोई सरासरी उत्पन्नानुसार, वरून खाली. पहिलं कनेक्टिकट, तिथे मी. पन्नासावं मिसिसिपी, तिथे माझी धाकटी बहीण हेमू.

"देवानं काय हिशोबानं पोरी पेरल्या बघ," ते येईल त्याला सांगायचे. "एक पहिल्या राज्यात, एक पन्नासाव्या."

आता अप्पा आणि मी, आम्ही दोघंच हेमूकडे निघालो होतो; नवरा आणि मुलगा घरी थांबले होते. गाडीनं, तीन दिवसांचा रस्ता. पानगळीचे रंग बघत जाऊ, असं मी अप्पांना सांगितलं होतं. खरं कारण असं, की विमानाची दोन तिकिटं काढायला माझ्याकडे पैसे नव्हते.

अरविंदची, माझ्या नवऱ्याची नोकरी फेब्रुवारीत गेली होती. विमा कंपनीत संगणकावर होता, एका दिवसात चाळीस माणसं काढली, त्यात हाही. मी एका दुकानात अर्धवेळ जात होते, त्यात घराचा हप्ता निघत नव्हता. एक हप्ता चुकला होता. नोव्हेंबरचाही चुकला तर घर जाईल, असं बँकेचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. हे अप्पांना सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला ताप कशाला, हे आम्ही एकमेकांना सांगायचो. खरं तर लाज वाटत होती. पहिल्या राज्यातली मुलगी ना मी! त्यामुळे अप्पा आल्यापासून अरविंद रोज सकाळी टाय लावायचा, डबा घ्यायचा, "येतो अप्पा" म्हणायचा आणि गावातल्या वाचनालयात जाऊन संध्याकाळपर्यंत बसायचा. पाच आठवडे हे नाटक चाललं होतं.

वेस्ट व्हर्जिनिया संपता संपता अप्पांनी मागच्या सीटवरची कापडी पिशवी पुढे ओढून घेतली. आत काहीतरी किणकिणलं. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता.

"तुझ्या आईच्या पाटल्या," अप्पा म्हणाले. "चार आहेत, चौदा तोळ्यांच्या. जायच्या आधी मला म्हणाली होती, दोघींत वाटू नका, मोडू नका. जिला गरज असेल तिला सगळ्या द्या. तुला काही सांगायला नको, तुझं देवाच्या कृपेनं सगळं भरून आहे. हेमूला द्यायच्या ठरवल्यात मी. फोनवर सांगूनही ठेवलंय तिला."

चौदा तोळे. मनातल्या मनात मी लगेच भाव लावला, स्वतःची किळस आली तरी लावला. एक हप्ता आणि वर थोडंसं. नेमकं तेवढंच हवं होतं.

"काऊन गं, गप्प झालीस? तुला वाईट नाही ना वाटलं?"

"छे हो अप्पा. तिलाच द्या. ती पन्नासाव्या राज्यात राहते बिचारी."

हे मी माझ्या तोंडानं म्हटलं. अजून आठवलं की जीभ हासडावीशी वाटते.

*

पुढचे दोन दिवस मला नीट आठवत नाहीत. आठवतात ते तुकड्यांनी, पडून पडून आलेल्या झोपेतल्या स्वप्नासारखे. व्हर्जिनियातले निळे डोंगर आमच्यासोबत चालत होते, टेनेसीत ऊन तिरपं झालं, एका गावात चर्चच्या पाटीवर भोपळ्यांची जत्रा लिहिलेली होती. अप्पा राज्य बदललं की क्रमांक सांगायचे आणि पुन्हा पेंगायचे. पेंगता पेंगता एकदा बुलढाण्याच्या वाटेवर असल्यासारखे म्हणाले, "मोताळ्याचा फाटा गेला का?" मी म्हटलं, "गेला, अप्पा." ते समाधानानं घोरू लागले. खड्डा आला की पिशवीत पाटल्या किणकिणायच्या, आणि मला वाटायचं की आई मागे बसलीय, पदर सावरतेय, आता विचारेल की पोरी, खाल्लंस का काही?

आणि प्रत्येक वेळी मी मनात वाक्य जुळवत होते. अप्पा, एक सांगायचं होतं. अप्पा, रागावू नका हं. अप्पा, अरविंदचं असं झालंय. वाक्य पूर्ण व्हायचं, ओठापर्यंत यायचं आणि पुढचं राज्य लागायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगर संपले, चढ संपले, सगळं सपाट झालं. जमीन काळी होती आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी क्षितिजापर्यंत कापूस फुटला होता. वाऱ्यानं उडालेला कापूस कडेच्या गवताला चिकटून सगळा रस्ता पांढरा दिसत होता. मधेच माशांची तळी, इतकी सपाट की आभाळ खाली पसरून ठेवल्यासारखी, आणि त्यांच्या बांधांवर बगळे.

अप्पा ताडकन सरळ बसले. "थांब, थांब! गाडी थांबव!"

ते उतरले, धोतर सावरत चर ओलांडला, एक बोंड तोडलं आणि चिमटीत धरून हळूहळू ताणलं. "धागा लांब आहे गं! हा तर आपला पूर्णेचा काठ झाला, कुंदे. देवानं उचलून इथे आणून ठेवला." त्यांचे डोळे भरून आले होते. आई गेल्यावर ते पहिल्यांदाच असे हसताना मी बघत होते.

पलीकडे एक लाकडी घर होतं, एका बाजूला कललेलं. पुढे खुर्ची, खुर्चीत एक म्हातारा काळा माणूस. त्यानं हात वर केला. अप्पांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "छप्पर पत्र्याचं, दोन ठिकाणी गळत असणार. खुर्ची एक. कुत्रं मात्र चांगलं पोसलेलं. माणूस सुखी नसेल, पण चोर नाही."

*

"या, या! पन्नासाव्या राज्यात आपलं स्वागत आहे!" हेमू अंगणातूनच ओरडली. तशीच होती, मोठ्या आवाजाची, चटकन हसणारी, चटकन रडणारी. तिथल्या सरकारी शाळेत गणित शिकवायची. तिचा नवरा श्रीरंग माशांच्या तळ्यांवर तज्ज्ञ म्हणून होता. छोटं पिवळं लाकडी घर, पुढे जाळी लावलेला व्हरांडा, मागे पिकानची दोन झाडं. पिकान म्हणजे अक्रोडाचा धाकटा भाऊ म्हणा. दिवसभर टपटप पडत असतो.

ती अप्पांच्या पाया पडली आणि दोन्ही मनगटं पुढे करून दाखवली. रिकामी होती. "बांगड्यासुद्धा काढून ठेवल्यात बघा. पाटल्यांना जागा करून ठेवलीय."

अप्पा हसले. "उद्या. उद्या शुक्रवार आहे. देवापुढे देतो."

मी चहाला आधण ठेवायच्या निमित्तानं आत गेले. हेमूचा या पाटल्यांवर हक्क होता, हे मला ठाऊक होतं. आईच्या शेवटच्या दुखण्यात तिनं बिनपगारी रजा घेऊन तीन महिने खामगावला आईचं सगळं केलं होतं, अंथरुणातलंसुद्धा. मी गेले नव्हते. मी हप्ते भरत होते.

संध्याकाळी अप्पांनी हेमूच्या घराची पाहणी केली. म्हणजे करत होते असं त्यांनी दाखवलं नाही, पण मला त्यांची पद्धत पाठ होती. पिठाच्या डब्याचं झाकण सहज उघडलं. फ्रिजरमध्ये मासे ठासून भरलेले बघितले. न्हाणीघरात गेले, बाहेर येताना हात पुसत म्हणाले, "साबण भारी आहे गं तुझा, हेमे."

"अप्पा, माझ्या घरात पण साबण बघता?" ती हसत म्हणाली.

"साबण खोटं बोलत नाही," अप्पा म्हणाले, आणि जेवायला बसले.

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. माझ्या न्हाणीघरातल्या साबणाच्या चार झिजलेल्या चकत्या, एकीला एक चिकटवून केलेली ती वडी, मला तेव्हा आठवलीही नाही.

*

दुसऱ्या दिवशी हेमू शाळेत, श्रीरंग तळ्यावर. मी आणि अप्पा व्हरांड्यात. दुपारची वेळ, उन्हाला वाळलेल्या कापसाचा वास, मागे पिकान टपटपताहेत. दूरवर कापूस वेचणारं यंत्र घोंघावत होतं आणि तो आवाज ऐकता ऐकता डोळे मिटत होते.

"काही काम नाही बाप्पा," अप्पा म्हणाले. "चल, पाहणी करू."

मी हसले. लहानपणी आमचा हा खेळ होता. रविवारी अप्पा मांडीवर लाकडी फळी घ्यायचे, त्यावर कोरा कागद, आणि आम्हा दोघींची पाळीपाळीनं पाहणी करायचे. आधी प्रस्तावना. ती झाल्याशिवाय प्रश्न नाही. त्या खेळात खोटं बोलायचं नाही आणि अप्पांनी ते बाहेर सांगायचं नाही, असा कडक नियम. हेमूनं एकदा आईचा आख्खा गूळ खाल्ला होता. आईनं बडवलं तरी कबूल केलं नाही, पाहणीत मात्र सांगून टाकलं. अप्पांनी लिहून घेतलं आणि आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आणि हा नुसता खेळ नव्हता हो. एकदा अप्पांनी आमच्या घरातली अर्धं पोतं ज्वारी उचलून गल्लीतल्या घड्याळवाल्याकडे पाठवून दिली. आई चिडली. आपल्या पोरी काय वाऱ्यावर आहेत का, म्हणाली. का दिलीत, एवढं तरी सांगा. अप्पा गप्प. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते रोज मुकाट्यानं आपलं ताट आपण वाढून घ्यायचे. पुढे कितीतरी वर्षांनी घड्याळवाल्याच्या बायकोनंच आईला सांगितलं, की पाहणीच्या दिवशी त्यांच्या घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती.

अप्पांनी हेमूची शाळेची एक वही घेतली, मांडी घातली, पेन्सिलीला टोक आहे का बघितलं. मग घसा खाकरून, अगदी खात्याच्या आवाजात, म्हणाले:

"नमस्कार. मी पाहणीसाठी आलो आहे. आपण द्याल ती माहिती फक्त आकडेवारीसाठी आहे. ती कोणालाही सांगितली जाणार नाही. आपल्या घरच्यांनाही नाही. आपली हरकत आहे का?"

"हरकत नाही, साहेब," मी लहानपणीसारखं म्हटलं.

"कुटुंबप्रमुखाचं नाव?"

"अरविंद काशिनाथ ढोले."

"घरात माणसं किती?"

"तीन. आम्ही दोघं आणि मुलगा."

"कमावती?"

यंत्राचा घोंघाट थांबला होता. अप्पा वर बघत नव्हते, पेन्सिल कागदावर टेकवून वाट बघत होते. तीस वर्षं हजारो घरांच्या ओसरीवर ते असेच बसले असतील. समोर बाप नव्हता. पाहणीला आलेला माणूस होता, आणि त्यानं शब्द दिला होता.

"अर्धं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मी अर्धवेळ जाते. दुकानात."

त्यांनी लिहिलं. "कुटुंबप्रमुख?"

"काम शोधताहेत."

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

पेन्सिल चालत होती. आवाज जराही बदलला नव्हता. "घर स्वतःचं की भाड्याचं?"

"बँकेचं."

"हप्ता थकलाय?"

"एक. पुढचा थकला तर घर जाईल."

"गेल्या तीस दिवसांत घरातली एखादी वस्तू विकली?"

"शिवणयंत्र. आणि मुलाची सायकल. ती चोरीला गेली असं त्याला सांगितलंय." इथे माझा आवाज फुटला. मी तोंडाला पदर लावला आणि हमसून हमसून रडले. अप्पांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. पाहणीत तसं करत नाहीत. ते फक्त थांबले. माझं रडणं पुरं होईपर्यंत थांबले, मग पुढचा प्रश्न विचारला.

"या अडचणीची माहिती नातेवाइकांना आहे का?"

"नाही."

"द्यायची इच्छा आहे?"

"नाही," मी म्हटलं. "कोणालाच नाही. हेमूला तर मुळीच नाही."

त्यांनी तेही लिहिलं. शेवटी 'शेरा' हा रकाना असतो, तो पाहणी करणाऱ्यानं स्वतः भरायचा. त्यावर त्यांनी बराच वेळ घेतला. मग पान अलगद फाडलं, चौघडी घातली आणि माझ्या हातात दिलं. "ही तुमची माहिती. तुमच्यापाशी ठेवा."

मी ते न वाचताच पर्समध्ये, बँकेच्या पत्राशेजारी, ठेवून दिलं.

अप्पांनी पिशवीतून तो पन्नास राज्यांचा तक्ता काढला. जमिनीवर पसरून त्यावर पिकान फोडायला बसले. "सरासरीच्या घरात कोणी राहत नसतं गं, कुंदे," ते म्हणाले. "तीस वर्षं मी हे साहेबलोकांना सांगत आलो. म्हातारपणी माझं मीच विसरलो."

*

संध्याकाळी हेमूनं पुरणपोळ्या केल्या. आईची जांभळी इरकल नेसली. देवापुढे समई लावली आणि अप्पांसमोर पाट मांडून त्यावर बसली, हात पुढे करून.

अप्पांनी पिशवीतून आईच्या खणात गुंडाळलेल्या पाटल्या काढल्या, देवाला दाखवल्या. मग ते उठले आणि बाजूला उभ्या असलेल्या माझ्या हातात त्यांनी त्या दिल्या.

"अप्पा?" हेमू हसली. "चष्मा कुठाय तुमचा? ही ताई आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"तुझी आई म्हणाली होती, जिला गरज असेल तिला. तसं केलंय."

हेमूचं हसू अजून तोंडावर होतं, पण आता ते तिथे नुसतंच राहून गेलं होतं. "ताईला गरज? कनेक्टिकटमध्ये राहते ती. दुमजली घर आहे तिचं. अप्पा, मी आईचं सगळं केलं. मी! शेवटचं पाणी मी घातलं तिला. तुम्ही फोनवर म्हणालात की... का पण? एवढं तरी सांगा ना. का?"

"सांगता येणार नाही, बाळा."

"म्हणजे थोरली ती थोरलीच." ती उठली. "पहिलं राज्य, पहिली मुलगी. मला सोनं नको होतं हो अप्पा. आईचं काहीतरी हवं होतं."

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं. हातात पाटल्या गार लागत होत्या, अप्पा माझ्याकडे बघत नव्हते, समईकडे बघत होते, म्हणजे ठरवायचं ते मी ठरवायचं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. गाडीत तीन दिवस जुळवलेलं, तयार वाक्य.

मी तोंड मिटलं.

त्या संध्याकाळी अप्पांनी आपलं ताट आपण वाढून घेतलं.

*

पाटल्या मी न्यू जर्सीत विकल्या. नोव्हेंबरचा हप्ता भरला गेला, घर राहिलं आणि डिसेंबरात अरविंदला नोकरी लागली. मुलाला नवी सायकल आणली. अप्पा खामगावला परतले.

हेमू त्यांच्याशी बोलायची थांबली. भांडण नाही की काही नाही. अप्पा दर रविवारी फोन करायचे, श्रीरंग उचलायचा, "हेमू बाहेर गेलीय" म्हणायचा. दिवाळीला ती दोन वाक्यं बोलायची. मला अप्पा कधी म्हणाले नाहीत, की तिला सांग. एकदाही नाही. मी विचारलं, "अप्पा, हेमू बोलते का हो?" तर म्हणायचे, "तिची शाळा असते गं. दमते पोर."

आणि मी? मी उद्या सांगणार होते. मग मुलाची परीक्षा झाली की सांगणार होते. मग इतकी वर्षं झाली की आता सांगायचं तर इतकी वर्षं का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. अशी नऊ वर्षं गेली. दोन हजार अकराच्या ऑक्टोबरात अप्पा झोपेतच गेले. हेमू दहाव्याला पोहोचली, रडली नाही, आल्यापासून चौथ्या दिवशी परत गेली.

महिन्याभरानं मी मिसिसिपीला गेले. या वेळी विमानानं. तोच पिवळा व्हरांडा, तीच सपाट दुपार, पिकान टपटपत होते, इतके की मला वाटलं मधली वर्षं मी त्या खुर्चीत पेंगतच काढली. पर्समधून मी ती चौघडी काढली आणि हेमूपुढे ठेवली.

"काय आहे?"

"वाच."

तिनं चष्मा लावला. अक्षर बघताच तिचा हात थांबला. मग ती सावकाश, ओठ हलवत वाचू लागली. कमावती माणसं, अर्धं. हप्ता, थकीत. सायकल. एका ओळीशी ती अडखळली.

"कुटुंबप्रमुखाचं सध्याचं बसण्याचं ठिकाण, वाचनालय. हे काय?"

"अरविंद रोज तिथे जाऊन बसायचा. पण हे मी अप्पांना सांगितलं नव्हतं. पाहणीतसुद्धा नाही. त्यांनी बघितलं असणार कधीतरी, फिरायला गेले असताना. त्यांना आधीच कळलं होतं, हेमू. मला बोलता यावं म्हणून त्यांनी गाडीत पाटल्यांचा विषय काढून बघितला, मग तो खेळ मांडला."

ती शेवटच्या रकान्यापाशी आली. तो शेरा मी नऊ वर्षांत किती वेळा वाचला असेन. तिनं तो मोठ्यानं वाचला.

"उत्तरं खरी आहेत. दुसरं घर पाहिलं, सुस्थितीत आहे, समाधान वाटलं. दुसऱ्या घरी राग येईल. तो पाहणी करणाऱ्यानं सोसावा. उत्तर देणारीला घरच्यांपुढे बोलतं करू नये."

तिनं चष्मा काढला. म्हणाली, "दर रविवारी फोन वाजायचा, ताई. मी इथेच बसलेली असायचे. इथे, या खुर्चीत. श्रीरंगला खूण करायचे, की नाही म्हण." तिनं माझ्याकडे बघितलं. "हे तू वाचलेलं होतंस. सगळी वर्षं."

"हो."

"आणि गप्प बसलीस."

"हो."

मी नव्या पाटल्या आणल्या होत्या, तेवढ्याच वजनाच्या. त्या पर्समधून काढायची माझी हिंमत झाली नाही.

हेमू उठून आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल, आणि लावलं असतं तर मला ते बरंच वाटलं असतं. ती परत आली, हातात पेन्सिल होती. तिनं ते पान खुर्चीच्या हातावर सपाट केलं आणि तळाच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. उत्तर देणाऱ्याची सही. त्या दिवशी मी रडत होते, ती राहून गेली होती, आणि अप्पांनी मागितली नव्हती.

"इथे तुझी सही राहिलीय," हेमू म्हणाली.

मी पेन्सिल घेतली आणि सही केली.